तळाची पातळी सोडताना

कोकणात आचऱ्याला घरी गेले की बाबा एकदा तरी विचारतात, "थंय सोना दिसता काय गो?" त्यांचा जन्म मासेमारीत गेला. माझं काम जमिनीखालचं, टांझानियातल्या आडरानातल्या एका सोन्याच्या खाणीत. "नाय हो बाबा, नुसते फातर," मी सांगते.

त्या पावसाळ्यात मॅनेजर खाण माझ्यावर सोपवून रजेवर गेले होते. पुराने वाटेतला पूल नेला आणि डिझेलचा टँकर नदीपलीकडे अडकला. आमची सगळी वीज जनरेटरची. खाणीत पाणी सतत झिरपत असतं. पंप थांबले की ती भरू लागते. मी खडक फोडायचं काम थांबवलं, तरी डिझेल पुरेलसं दिसेना. शेवटी वरच्या पंपांना डिझेल पुरावं म्हणून सगळ्यात खालची पातळी, म्हणजे तळाचे बोगदे, पाण्याला सोडून द्यायचं ठरवलं.

मुकादम तिथलाच, बाबांच्या वयाचा. ती पातळी त्याच्याच माणसांनी खोदली होती.

"मामा, थोडं थांबून बघू," तो म्हणाला. तिकडे बाईमाणसाला आदराने मामा म्हणतात.

"थांबलो तर वरचीही जाईल."

 तो हेल्मेट उचलून म्हणाला, "निदान यंत्रं तरी काढू."

आम्ही माणसं घेऊन खाली उतरलो. ड्रिल, केबल आणि शेवटी पंपसुद्धा वर ओढला. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. कोमट होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे वर आल्यावर मुकादमाने खालचे दिवे बंद केले आणि तो अंधाराकडे बघत उभा राहिला. 

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "जेवलंस गो? आमच्याकडे वारो आसा, होडी काढूक नाय."

"जेवलंय," मी म्हटलं. ताट तसंच पुढ्यात होतं.

काही दिवसांनी नदी उतरली, टँकर आला. वरच्या पातळ्या कोरड्या राहिल्या होत्या. परतल्यावर मॅनेजर म्हणाले, "मी असतो तर अजून एक दिवस वाट पाहिली असती." मी पंप पुन्हा खाली सोडायला घेतला.

तळ उपसून झाल्यावर मुकादम सगळ्यांच्या आधी खाली गेला. चिखलाने माखून वर आला, तेव्हा हसत होता.

"भिंती धड आहेत, मामा. उद्या माणसं लावू?"

"लावा," मी म्हटलं.