लोहासुराचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या भावाच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवायला मला बरोबर चार मिनिटं लागली. त्यातही मधे एकदा माईक बंद पडला होता.

भावाचं नाव सुरेश. गोव्यातली आमची अख्खी डिचोली त्याला सुऱ्या म्हणते. आमचे वडील भिकाजी ड्रायव्हर सावंतवाडीकडून इकडे खाणीच्या ट्रकांवर आले आणि इथलेच झाले. सुऱ्याही त्याच ट्रकावर चढला, पण खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला आणि सुऱ्या कोल्हापूरला निघून गेला. ‘एका जिमचा मॅनेजर आहे,’ असं त्यानं आईला सांगितलं. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. टीव्हीवर दाखवतात तसल्या कुस्त्यांचे खेळ गावोगाव करणाऱ्या एका कंपनीत तो दुष्ट पैलवान होता! तोंडावर काळा बुरखा, अंगाला लाल रंग, नाव लोहासुर. रोज एका गावात जायचं, लोकांना घाबरवायचं, शेवटी सज्जन पैलवानाकडून मार खायचा आणि सामान आवरायचं.

एके दिवशी मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात असताना त्याचा फोन आला.

“दादा, आमचो खेळ डिचोलीक येता.”

“बरां झालां! घराकडे जेवूक ये.”

“आयक मरे पयलां! त्या दिवशी शेवटाक माझो बुरखो काढतले. सगळ्यां गावासमोर! लोक दचाकले, टाळ्यो पडल्यो, तर मॅनेजर म्हणता, फुडे बुरखो नाय. मी चांगलो पैलवान. पोस्टरार माझा खरा नाव येतला, दादा. सुरेश भिकाजी.”

त्याचा आवाज जरा कापत होता. (समोर एक बाई रेशनकार्डाच्या चार प्रती मागत होत्या. मी त्यांना सात दिल्या.)

“तू फकत दोन कामां कर,” तो म्हणाला. “आयेक फुडल्या रांगेत बसय. आनी कोणाक म्हणजे कोणाक सांगू नको.”

“माझ्या तोंडातसून एक शबूद भायर पडूचो नाय,” मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही मला कानाखाली मारून घ्यावंसं वाटतं.

आठ दिवस मी ते गुपित सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, नुसता तडफडलो! बाजारात कोणी खेळाच्या पोस्टरसमोर उभा राहिला की मी रस्ता ओलांडून पळायचो. आमच्या हिला तर संशयच आला. “अवो, तुमका झालां काय? दर पाच मिनटांनी गप्प कित्याक बसतत?” नवरा गप्प बसला की काहीतरी भयंकर घडलंय, अशी माझी घरातली ख्याती.

आई आधी तयारच नव्हती. “माका खंयची रे कुस्ती? गुडघ्यांची कुस्ती घराकडे चलता ती पुरो!” शेवटी तिथे बसायला खुर्ची आहे, वर मांडव आहे, आणि देवाच्या जत्रेसारखंच असतं, असं खोटंनाटं सांगून तिला घराबाहेर काढलं. तिनं पिशवीत उंडे पाव, पातळ भाजीचा डबा आणि छत्री घेतली. पहिल्या रांगेत मधोमध जागा. एक काम झालं. राहिलं फक्त गप्प बसायचं.

मैदान संध्याकाळी पाचलाच भरलं. मधोमध दोरखंडांचं चौकोनी रिंगण, चारी बाजूंना भोंगे, धूर सोडायचं यंत्र. मॅनेजर कोल्हापूरकडचा जाडजूड माणूस, घड्याळाकडे बघत ओरडत होता. तेवढ्यात खेळ आणणाऱ्या आमच्या क्लबच्या गुरुदासनं कपाळावर हात मारला.

“नाल्ल खंय आसा? गाऱ्हाणां घालूक नाय मरे!”

आमच्याकडे मैदानावर काहीही करायचं असो, नाटक असो, क्रिकेट असो, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं विनवतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याशिवाय पुढचं पाऊल नाही. मॅनेजर म्हणाला, “आवो पावनं, टाइम न्हाई!” पण लोकांत कुजबुज सुरू झाली. मागे एकदा गाऱ्हाण्याशिवाय क्रिकेट खेळले, तर अंपायरलाच गांधीलमाशी चावली होती!

आणि आमच्या वाड्यावर दर शिमग्याला गाऱ्हाणं कोण घालतो? मी. आवाज माझा, सवय माझी. गुरुदासनं हाताला धरून मला उठवलं. खरं सांगतो, मी एकदा ‘नको’ म्हणालो. पण असं ‘नको’ म्हणालो की ते फक्त मलाच ऐकू आलं.

दोरखंडांतून आत शिरताना माझा एक पाय आत आणि दुसरा बाहेर असा अडकलो. दोघा पैलवानांनी मला उचलून आत ठेवलं. लोकांना वाटलं, खेळ सुरू झाला. मी नारळ हातात घेतला, माईक तोंडाशी धरला आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या मैदानार तुझीं लेकरां गोळा झालीं आसत...”

“व्हय म्हाराजा!”

वाड्यावर तीस-चाळीस माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यातली निम्मी मंडळी शेजाऱ्याशी बोलत असतात. इथे सगळं मैदान एकदम गरजलं! माझ्या अंगावर काटा आला. छाती फुगली. मी पाऊसपाणी मागितलं, बाजारपेठेची बरकत मागितली, खाणी परत चालू होऊ देत म्हणालो (इथे जो हुंकार उठला त्यानं माईक बंद पडला). तो चालू होईपर्यंत मी स्वतःला विसरलो होतो.

मग आली पैलवानांची पाळी. गाऱ्हाण्याचा एक नेम आहे. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव, बापाचं नाव आणि वाडा सांगायचा. नाहीतर देवाला कळायचं कसं, कोणाला सांभाळायचं ते? सज्जन पैलवान ‘वज्रकुमार’चं खरं नाव मी त्याला तिथल्या तिथे विचारून घेतलं. इतरांचीही घेतली. शेवटी राहिला लोहासुर. रिंगणामागच्या पडद्याच्या फटीतून काळा बुरखा दिसत होता, आणि तो जोरजोरात मान हलवत होता.

मला ती मान दिसली. हे मी लपवत नाही. पण मला आणखीही काही आठवलं. मागच्या वर्षी त्याचा खांदा निखळला होता आणि आईला कळू नये म्हणून तो दोन महिने घरी आला नव्हता. आता तो त्या दोरखंडांवरून खाली पडणार होता, आईच्या समोर. देवाकडे सगळ्यांसाठी मागायचं आणि आपल्याच भावाला वगळायचं? की असुराच्या नावानं मागून देवालाच बुचकळ्यात टाकायचं?

“आनी म्हाराजा, भिकाजी ड्रायव्हराचो धाकटो झील सुरेश, वाडो आमचोच, जो आज तोंडार बुरखो घालून लोहासुर झालो आसा, तेच्या हातापायाक काय लागूक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान सवयीनं गरजलं.

आणि मग सगळ्या माना पडद्याकडे वळल्या.

“कोण?” मागून कोणीतरी म्हणालं. “आमचो सुऱ्या?”

पहिल्या रांगेत आई उठून उभी राहिली होती. पडद्यातला बुरखा हळूच मागे सरकून नाहीसा झाला.

पुढे खेळ झाला, पण त्याला खेळ म्हणायचं की वाड्यावरचा समारंभ, ते देव जाणे. धूर सुटला, नगारे वाजले, लोहासुर डरकाळी फोडत आला आणि लोक हातातला मोबाईल सोडून टाळ्या वाजवू लागले.

“सुऱ्या, कधी आयलंस?”

“अरे, लग्नाचा काय झालां?”

लोहासुरानं माईक घेऊन ठरल्याप्रमाणे गावाला हिंदीत धमक्या दिल्या. मागून त्याचे जुने मास्तर ओरडले, “शाबास! हिंदी सुधारली हां तुझी!” बिचारा वज्रकुमार हात जोडून आला, तर त्यालाच लोकांनी हुर्यो केली. सज्जन माणूस घाबरून गेला! त्यानं सुऱ्याला पहिला ठोसा मारला मात्र, आई छत्री घेऊन रिंगणाशी हजर.

“माझ्या झिलाक मारतंस? तुका आवय-बापूस आसत काय नाय?”

“मावशी,” वज्रकुमार खाली वाकून म्हणाला, “त्येला लागत न्हाई. खोटं खोटं हाय.” पण माईक जवळच होता.

“लागत नाय, तर मगे इवळता कित्याक?”

मी आईला धरून खुर्चीवर बसवायला गेलो, तर छत्रीचा एक तडाखा मला बसला. संध्याकाळभरात खराखुरा लागलेला मार तेवढाच.

शेवटी ती वेळ आली. दिवे मंद झाले. नगारा थांबला. निवेदकानं चढत्या आवाजात विचारलं, “कोण आहे... हा... लोहासुर?” कागदावर लिहिलेलं होतं ते, त्या गरीबानं बदलायचं कसं?

“सुऱ्याऽऽ!” सगळं मैदान एका सुरात. एक बाई तर म्हणाली, “काढ रे तो बुरखो, पुता, उकाडता आसतला!”

सुऱ्यानं तो स्वतःच काढला. पाच वर्षं आरशासमोर ठरवल्याप्रमाणे त्यानं दोन्ही हात पसरले आणि वर बघितलं. टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण त्या ओळखीच्या टाळ्या होत्या, बारशाला पडतात तशा. “मातसो जाडो झालो मां?” असं कोणीतरी म्हणालं. हात पसरूनच तो थोडा वेळ उभा राहिला. मी खाली बघत होतो. पुढे त्याचे हात कधी खाली आले, ते मला माहीत नाही.

खेळ संपल्यावर मी मागे गेलो. सुऱ्या कंपनीच्या ट्रंकेवर बसून तेलानं लाल रंग पुसत होता. त्यानं एक शिवी दिली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

“दादा,” तो एवढंच म्हणाला, “पाच वर्सां मी ह्या एका घटकेची वाट बघी होतंय.”

“माका तुझी काळजी वाटली रे.”

“म्हायत आसा. म्हणान तर काय बोलूक येणा नाय.”

एवढ्यात मॅनेजर आला. मी त्याच्यापुढे हातच जोडले. म्हटलं, साहेब, चूक माझी आहे, सगळी माझी, त्याच्या पोस्टरचं तेवढं बघा. मॅनेजरनं मान हलवली. “मुखवटा निघाल्यावर कुनीतरी दचकाय पायजे, पावनं. एक माणूस दचकला न्हाई. आता बुरखा घालूनच पुढच्या गावाला. बघू फुडच्या वर्सी.”

सुऱ्यानं रंग पुसणं चालू ठेवलं. मॅनेजर मात्र गेला नाही. तो माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघू लागला.

“पर एक सांगतो. धा वर्सं कंपनी चालवतोय. चार मिंटात एवढं पब्लिक हातात घेनारा गडी म्या बघितला न्हाई. आमचा निवेदक काय कामाचा न्हाई. तुमी येता का आमच्यासंगं?”

मी नाही म्हणालो. आईची शपथ, स्पष्ट शब्दांत नाही म्हणालो. सुऱ्या साक्षीला आहे, तो समोरच बसला होता.

फक्त नाही म्हणायच्या आधी मी एक विचारलं होतं, “पोस्टरवर माझं नाव येईल काय?”