अंगठा न देणारी पंच

ती घटना आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप उडवली ती एका बुटांच्या जोडीने.

तेव्हा मी अलिबागच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. गावाबाहेर नव्या बंगल्यांची वसाहत झाली होती. तिच्या बागेमागून डोंगरातला ओढा खाली येतो. दोन्ही अंगांना दाट झाडी, मधून पायवाट, अर्ध्या तासाच्या चालीवर एक खोल डोह. वसाहतीतली निवृत्त मंडळी रोज सकाळी डोहापर्यंत जाऊन मागे फिरायची. आमच्या हवालदाराला त्यांचं भारी हसू यायचं. म्हणायचा, "साहेब, आमची आय लाकडांना त्याच वाटेनं जाते, तिला कुनी बूट घेऊन देत न्हाय."

पावसाळा सरत आला होता. सकाळी अकराला वसाहतीतली एक सून ठाण्यात आली. तिची सासू, चौसष्ट वर्षांची निवृत्त परिचारिका, साडेसहाला फिरायला गेली ती परतलीच नव्हती. बरोबर कोणी नव्हतं, मोबाइल घरी चार्जिंगला. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. माणसं निघणार तोच फोन आला. ओढ्यात खेकडे पकडणारा एक जण सांगत होता, "डोहाजवळ बायमानसाचे बूट हायेत. मोजे आत खोचलेत. मानूस न्हाय कुठं."

माझ्या मनात प्रकरण तिथेच मिटलं. जीव देणारी माणसं चपला नीट काढून ठेवतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलेलो. मोबाइल घरी, बूट काठावर. आणखी काय हवं?

कोळीवाड्यातले तीन पट्टीचे पोहणारे बोलावले. दुपारी दोनपासून ते बुड्या मारत होते. पाणी गढूळ, तळाशी गाळ. वरच्या कड्यावरून ओढा धो धो पडत होता, त्या आवाजात एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. डोंगरावर ढग जमत होते. पाऊस आला असता तर ओढा चढला असता आणि काहीच हाती लागलं नसतं. मी सारखा घड्याळ बघत होतो.

बेपत्ता बाईचा मुलगा काठावर उभा होता. त्याला विचारलं, "सकाळी घरात काही झालं होतं?"

"नाही. काहीच नाही."

शेजाऱ्यांनी मात्र हवालदाराला सांगितलं होतं की मोठ्याने भांडण ऐकू आलं. पोलिसाशी माणूस खोटं बोलला की पोलिसाला चेव येतो, मलाही आला. त्याला बाजूच्या खडकावर बसवून तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी तो फुटला. आई मागच्या महिन्यात वाटेत घसरून पडली होती. तेव्हापासून तो तिला एकटी जाऊ देत नव्हता. त्या सकाळी ती ऐकेना, तेव्हा म्हणाला होता, "पुन्हा एकटी गेलीस तर या घरात येऊ नकोस."

मी म्हणालो, "मग नाही आली ती. डोहात आहे, ती तुझ्यामुळे."

हे माझे शब्द. कमीजास्त केलेले नाहीत. तो पोरगा गुडघ्यांत डोकं घालून बसला, आणि मला वाटलं तपास मार्गी लागला.

साडेचारला बुटांचा पंचनामा करायला घेतला. पंच म्हणून एक वसाहतीतले गृहस्थ घेतले आणि दुसरी, हाताशी होती म्हणून, शेळ्या चारणारी एक म्हातारी आगरी बाई. हवालदाराने नेहमीच्या सफाईने लिहिलं, 'डोहाच्या काठावर बुटांचा एक जोड मिळून आला.' गृहस्थांनी न वाचता सही केली. बाईपुढे शाईचा पॅड धरला तर तिने हात मागे घेतला.

"काय लिवलंय ते मना वाचून दाखव."

हवालदार वैतागला, पण वाचलं.

"ह्यावर मी अंगठा न्हाय देनार. खोटं हाय."

"म्हातारे, साहेब उभे हायेत!" हवालदार खेकसला.

"साहेब हायेत तर साहेबांनी बघावं. डोह तिकडं ऱ्हायला पंधरा पावलं. बूट हायेत देवाच्या रानाच्या तोंडाशी. त्यांची टोकं बघ, वर रानाकडं हायेत. देवाच्या रानात पायात घालून कोन जातो रं?"

मी वळून पाहिलं. बुटांच्या पलीकडे शेंदूर लावलेला एक दगड होता आणि त्याच्यापुढे, कड्याच्या अंगाने, गावाची देवराई चढत गेली होती. दुपारभर मी त्या दगडाला टेकून उभा होतो! अडीच तास आम्ही पाणी ढवळत होतो.

मी आत धावणार तोच बाईने माझ्या पायांकडे पाहिलं. मी खाली बसून नाड्या सोडल्या. मुलगा तोवर अनवाणी पुढे गेलासुद्धा.

कड्याच्या वर, ओढ्याकडेच्या मुळांत अडकून त्याची आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे, अंग गार. पण श्वास चालू होता. पोहणाऱ्यांनीच झोळी करून तिला खाली आणलं. बागेपाशी पोचलो आणि पाऊस कोसळला. ओढा तासाभरात त्या मुळांच्या वर गेला.

पुढे निवृत्त होईपर्यंत पंचाला वाचून दाखवल्याशिवाय मी एकही पंचनामा पुरा होऊ दिला नाही. पंच म्हणजे नुसती सही, हा आमचा पिढीजात समज. माहितगार माणूस समोर उभा असतो आणि आपण त्याच्याकडे फक्त अंगठा मागतो.

आठवड्याने जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. खुबा मोडलेल्या त्या बाई सावरल्या होत्या. म्हणाल्या, "रागात होते, म्हणून डोहापाशी न वळता वर गेले. पडल्यावर सकाळभर हाका मारल्या. दुपारी खाली माणसांचा ओरडा ऐकला. कोणी म्हणत होतं, गाळात हात घाल. वाटलं, कुणाचं तरी पोर बुडालंय. मग हाका थांबवल्या. म्हटलं, आधी त्यांचं होऊ दे."

मी म्हणालो, "बाई, ते आम्ही होतो. तुम्हालाच शोधत होतो."

त्यांनी विचारलं, "मग माझ्या मुलाला काय सांगितलंत?"

मी जबाबाचा कागद मिटला. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. अंगावर वर्दी होती, व्हरांड्यात माणसं होती. मी त्याच्यासमोर जाऊन टोपी काढली आणि हात जोडले.