शांताबाईंच्या रक्तातला जंतू

स्लाइडवर लांबट, बारीक, दोन्ही टोकांना निमुळते जंतू दिसत होते. वाशिमच्या आमच्या लॅबमध्ये मी असे कधी पाहिले नव्हते.

रक्त शांताबाईंचं होतं. मंगरूळपीरजवळच्या खेड्यातल्या. ब्लड कॅन्सर, नागपूरला केमोथेरपी चालू. दोन केमोंच्या मधे घरी आल्या आणि हुडहुडी भरून ताप आला, म्हणून इथे ॲडमिट. निरोगी माणसाच्या रक्तात जंतू राहत नाहीत. ताप आलेल्याचं रक्त आम्ही खास बाटलीत ठेवतो. जंतू असेल तर तो तिथे वाढतो. याला ब्लड कल्चर म्हणतात.

मी वॉर्डमध्ये फिजिशियनना फोन केला.

"सर, नेहमीचा नाही हा. तोंडातला वाटतोय. त्यांचं तोंड आलंय का?"

"फार. पाणीही गिळवत नाही."

त्यांनी लगेच अँटिबायोटिक बदललं. पण बीपी आधीच ढासळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई गेल्या.

"आता कल्चर थांबवा मॅडम," फिजिशियन म्हणाले. "रिपोर्ट न्यायला कोण येणार?"

माझा स्वभाव चिवट. बाटलीतल्या जंतूंची वाढ करायला लावलेली प्लेट तशीच ठेवली. या जंतूला कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. डब्यात प्लेट ठेवायची, मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती विझते, तोवर आतली हवा त्याला मानवेल अशी झालेली असते.

जंतू अजून वाढत होता तेव्हाच एक बाई लॅबमध्ये आली. शांताबाईंची सून, संगीता. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"म्याडम, उसाच्या रसानं होते काय असं?"

"का विचारताय?"

"म्या पाजला व्हता. त्यायनंच मागतला, तोंडाची आग होते म्हणून. दोन घोटच घेतले. आता हे म्हणून राह्यले, तुनंच मारलं माह्या मायले."

मी तिला काही दिवस थांबायला सांगितलं. अंदाजावर तिला धीर देणं मला जमेना. जंतूची नेमकी ओळख पटवायला नागपूरच्या मोठ्या लॅबला नमुना पाठवला. नाव आलं: कॅप्नोसायटोफॅगा. मग नवराबायको दोघांना बोलावलं.

"मंग हा आला कुठून?" तिच्या नवऱ्याने, विनोदने विचारलं. डोळे सुजलेले होते.

"त्यांच्याच तोंडातून. तुमच्या तोंडात असेल, माझ्याही असेल. आपल्याला काही करत नाही. केमोने पांढऱ्या पेशी संपतात, तोंडात जखमा होतात. त्या जखमांतून हा रक्तात शिरतो, आणि अडवायला कोणी नसतं."

"अन् रस?"

"केमोत बाहेरचा रस देऊ नये, ते खरं. पण हा जंतू रसातला नाही."

तो संगीताकडे वळला. "मंग म्या हिले इतके दिवस..." संगीताने पदर डोळ्यांना लावला. ती मोठ्याने रडली नाही. सासू गेल्यापासून तिला रडायलाही कोणी दिलं नसावं.

"चाला," थोड्या वेळाने तीच म्हणाली. "बस निंगून जाईन."

शांताबाई वाचल्या नाहीत, हे कुठल्याच नावाने बदलत नाही. मात्र आता केमोच्या पेशंटला ताप आला, की फिजिशियन आधी टॉर्च घेऊन तोंड बघतात. आणि पेशंट गेल्यावरही कल्चर थांबवा म्हणत नाहीत.