जर्मनचं पातेलं

आक्का गेल्याचा भाच्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, ऑफिसात जेवायला बसलो होतो. मातीला पोचणं शक्य नव्हतं. चौथ्या दिवशी गावी, बोरीत उतरलो, तर ओसरीवर बसलेली माणसं मलाच मोठेपणा देऊ लागली... "सख्खा भाऊ असावा तर असा. इमानात बसवून जर्मनी दाखवली. बहिणीचं सोनं केलं." मी मान खाली घालून ऐकलं. मान खाली घालून निभावून नेण्याची सवय मला जुनी आहे. आता ती मोडतो.

आई लवकर वारली. बारा वर्षांनी मोठी असलेली आक्का विधवा होऊन, लेकरू कडेवर घेऊन माहेरी आली आणि माझ्या शाळेसाठी परभणीत एका खोलीत राहिली. तिथं ती ज्या पातेल्यात वरण शिजवायची ते जर्मनचं होतं. अल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. का म्हणतात, कुणी विचारलं नाही. त्या पातेल्यावर मी शिकलो, साहेब झालो आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर परदेशी बदली घेतली. बायको नोकरीमुळं सहा महिन्यांनी येणार होती, तोवर स्वयंपाकघर लावून द्यायला आक्का आली. तिकडं भाड्याचं घर बऱ्याचदा ओट्याशिवाय मिळतं. भिंतीतून डोकावणारे दोन नळ बघून ती म्हणाली, "पयल्या भाडेकरूनं चूलबी उचलून नेली व्हय रं?" मग तिनं पिशवीतून ते पातेलं काढलं. "म्हनलं, जर्मनचं हाय, चार दिस माहेराला जाऊ दे."

ओटा बसला, इंडक्शनची शेगडी आली. आक्कानं विभूती लावून, हात जोडून पातेलं वर ठेवलं आणि शेगडी नुसतीच लुकलुकत राहिली. असल्या शेगडीला जर्मनचं भांडं कळतच नाही. आक्का पोट धरून हसली. "बाबू, जर्मनीत जर्मनला कोन ओळखंना की."

मला हसू आलं नाही. रविवारी आमचे साहेब जेवायला येणार होते आणि ते पोचे पडलेलं, बुडाला काळं झालेलं पातेलं नव्याकोऱ्या ओट्यावर मला खुपत होतं. शनिवारी आक्का अंघोळीला गेल्यावर मी ते खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेवलं. तिनं विचारलं तेव्हा सांगितलं, "इथं अल्युमिनियमला बंदी आहे आक्का. सरकारची माणसं घेऊन गेली." तिनं माझ्याकडं पाहिलं. "सरकारच हाय म्हनल्यावर..." एवढंच बोलली आणि स्टीलच्या भांड्यात वरण केलं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात तिला अंगणात ते पातेलं दिसलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी त्यातून फुलझाडांना पाणी घालत होती. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. आक्कानं काय खुणा केल्या देव जाणे, पातेलं काखेत घेऊन ती वर आली आणि तिनं ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

"सरकारला दया आली," ती म्हणाली. "आता दुसरी शेगडी आन. न्हाईतर माजं तिकीट काढ."

मी त्याच दिवशी विजेच्या तारेची शेगडी आणली, तिला कुठलंही भांडं चालतं. आक्का हक्कानं राहिली, सहा महिने त्याच पातेल्यात शिजवलं. मी माफी मागितली नाही. तिनंही गावात कधी चकार शब्द काढला नाही, उलट भावानं लय जपलं म्हणून सांगत फिरली. लोक माझं जे कौतुक करतात ते तिनं माझ्यासाठी सांगितलेलं खोटं आहे, आणि ते मी यापुढं अंगाला लावून घेणार नाही.

तेराव्याला ओसरीवर उभं राहून मी हे सगळं सांगितलं. भाचा चिडला. "मामा, आता कशाला? तिचं तरी खरं राहू द्यायचं."

"तिचंच खरं करायलोय," मी म्हणालो. "जपलं ते तिनं, मी नाही."

 दोन दिवसांनी मी निघताना मात्र त्यानं ज्वारीच्या पिठाची पिशवी बॅगेत कोंबली. "आईनं दळून आनलेलं शेवटचं दळन हाय. तुमीच न्या."

मी आयुष्यात भाकरी केली नव्हती. आता इथं जर्मनीत रोज एक करतो. पीठ जुनं होत चाललंय, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय, थापताना भाकरी फाटते. बायको म्हणते, नवं पीठ आणू. मी नाही म्हणतो. फाटलेलीच तव्यावर टाकतो, उभा राहून खातो.