वाढत्या अंगाची शिवण

निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या गुलमंडीवर इलियास दर्जी बसायचा. पोरासोरांचे कपडे शिवावेत तर त्यानंच. खोड एकच, शिवणीच्या आत कापड फार सोडायचा. "अरे, निम्मं कापड आतच दडवलंस की!" कारभारी पाटील दर खेपेला खेकसायचे. इलियास हसायचा. "लेकराचं अंग हाय पाटील, वाढणारच. उसवायला जागा नगं का?"

त्याची स्वतःची लेक फहमिदा पाच वर्षांची. त्या साली तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की ओकायची, चालताना झोकांड्या द्यायची. कुणी नजर म्हणालं, कुणी जंत. मग एकाएकी दुखणं ओसरलं. तिच्या आईनं, अनवरीनं, गल्लीभर साखर वाटली. पण रमजान ईदेला बापानं शिवलेली जरीची टोपी दोनच महिन्यांनी बकरीदेला पोरीच्या डोक्याला बसेना. पोरीला खांद्यावर टाकून इलियासनं हैदराबादची गाडी धरली.

तिथल्या डॉक्टरांनी आरशानं उजेड पाडून तिच्या डोळ्यांत पाहिलं, मग डोक्याचा एक्स-रे काढून खिडकीशी धरला. "मेंदूत गाठ आहे, मियाँ. आत दाब वाढलाय. मोठ्या माणसाची कवटी पक्की जुळलेली असते, लेकरांची हाडं मात्र सैल शिवल्यासारखी. बघा, ही शिवण उसवलीय. आत जागा झाली म्हणून दुखणं थांबलं. गाठ थांबलेली नाही."

इलियास बघतच राहिला. नागमोडी टाक्यांची रेघ आणि मधे बारीकशी फट. उभा जन्म सुई चालवली, पण असलं काम त्यानं पाहिलं नव्हतं. लेकरू वाढणार, त्याला जागा लागणार, हे त्या शिवणाऱ्यालाही ठाऊक होतं! रडू यायच्या आधी त्याच्या तोंडून 'सुभानअल्ला' निघालं.

"गाठ काढता येईल, साहेब?"

"आपल्याकडं अजून कुणाला जमत नाही."

"मग पोर किती दिवस?"

"ही शिवण पुरेल तेवढे."

घरी येऊन त्यानं अनवरीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती रडून रडून थकली. मग त्यानं हिरवी साटीन काढली आणि पुढच्या ईदेचा कुर्ता बेतायला घेतला. नेहमीच्या दुप्पट कापड तो आत दुमडत होता.

"अहो, एवढं कशाला सोडताय?"

"वाढतं अंग हाय," इलियास म्हणाला.

त्याला सुईत दोरा ओवता येईना. अनवरीनं सुई घेतली आणि ओवून दिली.