बाराव्याचं जेवण कुणी घालायचं

आईला पंचगंगेवर पोचवायला आम्हाला काहीच खर्च पडला नाही. आमच्या कोल्हापुरात सरण शेण्यांचं, म्हणजे गोवऱ्यांचं, आणि शेण्या लोकांनी दान दिलेल्या. तीही होळीला पोतंभर पाठवायची. कुणा अनोळखी माणसांच्या शेण्यांवर ती गेली. भावांना खिशात हात घालायची वेळ आली ती बाराव्याच्या जेवणावरून.

"आई तुझ्याकडं हुती, तू घाल," थोरला म्हणाला.

"जमीन तू कसतोस, तू घाल," धाकटा म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "आक्का, आता कायद्यानं पोरगीबी वारस हाय की."

माझ्या लग्नानंतर लगेच या दोघांनीच माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. तसं म्हटलं, तर थोरला म्हणतो, "ते जमिनीचं. खर्चातनं कुठं सुटलीस तू?" काय बोलावं असल्या माणसाशी!

तरी मी द्यायला तयार होते. सगळंच घालते म्हणाले. दोघांनी शेजारी शेजारी बसून आईचं जेवावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर तिच्यामागं माहेरी मला कोण बोलावणार? पण दोघांनाही कायदाच ऐकायचा होता. सुतकातच वकिलाकडं गेले. मीही मागोमाग गेले.

वकिलांनी शांतपणे सांगितलं. अंत्यविधीचा खर्च आधी मयताच्या मिळकतीतून जातो, उरलं ते वारसांचं. आईची मिळकत म्हणजे चार लुगडी. "आणि बाराव्याचं जेवण? त्याची कायद्यात कुणावर सक्ती नाही."

"न्हाय म्हंजे न्हायच?" धाकट्यानं विचारलं.

"नाही."

दोघांचे चेहरे खुलले. कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांशी हसून बोलले, खाली जाऊन चहा प्यायले. माझाही कप मागवला. मी तो तसाच ठेवला. भांडत होते तोवर निदान आईसाठी काही करायचं आहे, असं तरी वाटत होतं.

बाराव्याला मी माझ्याच घरी, कळंब्यात, स्वयंपाक केला. दोघांना फोन करून या म्हटलं. "बघतो," म्हणाले. पोळ्या केल्या, आमटी केली. शेजारच्या काकू आल्या. "भाऊ कुठं हाईत गं?"

"वाटेत हाईत," मी म्हणाले.

दोन ताटं वाढून ठेवली. दुपार टळली, आमटी निवून गेली. काकू ताटं उचलायला लागल्या. आई गेली त्या दिवशी मी इतकी रडले नव्हते.