उलटं सारवलेलं घर

आमच्या हॉलच्या भिंती तपकिरी करायचा निर्णय मी एकट्याने घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते रोज एकदा सांगितलं जातंच.

निमित्त आई. माण तालुक्यातल्या आमच्या गावी ती एकटी राहते. कराडजवळ मलकापूरला आमच्या फ्लॅटवर येते आणि चौथ्या दिवशी पिशवी भरते. "तुझं घर लय गार हाय," एवढंच कारण. यंदा मात्र तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कराडला ठरलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की नंतर महिनाभर डोळ्यात थेंब वेळच्या वेळी पडले पाहिजेत. गावी ते घालणार कोण? शेळ्या? तेव्हा आईला महिनाभर थांबवायचं कसं, हा प्रश्न होता. घर गार, तर उबदार करू, असं मी ठरवलं. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला याहून वेगळं काय सुचणार?

मोबाइलवर एक बाई सांगत होत्या की गडद तपकिरी रंगाची खोली माणसाला कुशीत घेते. मला ते पटलं. बाईंच्या खोलीला भिंतभर खिडक्या होत्या आणि आमच्या हॉलला एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या जिन्यासमोर, हा तपशील मी सोडून दिला.

शेडकार्डावर रंगाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. त्यात चॉकलेटही होतं आणि कॉफीही. रंगाऱ्याने कार्ड हातभर लांब धरून पाहिलं.

"म्हंजे काकवी," तो म्हणाला.

"काकवीपेक्षा जरा खोल आहे हो."

"मग करपल्याली काकवी. सर, एकच भित करूया. चारी केल्या तर दुपारी बी दिवा लावाय लागंल."

"चारी," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "आधी हातभर लावून तरी बघा." मी म्हणालो, "सौंदर्याचे नमुने काढायचे नसतात." हे वाक्य तिने पाठ करून ठेवलंय. मी आमटी चाखायला मागितली की ऐकवते.

रंग झाला आणि हॉल आक्रसला. पहिल्याच संध्याकाळी बायकोने दारातून विचारलं, "अहो, तुम्ही आत आहात का?" मी समोरच सोफ्यावर बसलो होतो. शर्ट तपकिरी होता, एवढीच माझी चूक.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि आई घरी आली. हॉलच्या मधोमध उभी राहून नव्या डोळ्याने तिने भिंत पाहिली, मग खालची पांढरीशुभ्र फरशी पाहिली, मग पुन्हा भिंत.

"कुणी सारवलं हे?"

"रंग हाय त्यो, आई." तिच्यासमोर माझी जीभ गावाला जाते.

"शेण न्हाई?"

"न्हाई."

तिने भिंतीवर तळवा फिरवला, बोटांचा वास घेतला. "आरं, भुई सारवत्यात आन् भिंती पोतारत्यात. तुझी भुई चुन्यावानी पांढरी आन् भिंती शेणाच्या. घर उलटं टांगलंस का रं?"

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. गॅसवर कुकर नव्हता, बायको होती.

आईचं चुकत नव्हतं. आमच्या गावी जमिनीला शेणाचा हात आणि भिंतींना पांढऱ्या मातीचा. त्यालाच पोतारणं म्हणायचं. निम्मा जन्म तिने हेच केलं. वडील फौजेतून सुटून आले, त्यांनी फरशी बसवली, भिंतींना ऑइलपेंट दिला, तेव्हा कुठे तिची नखं स्वच्छ झाली. आणि तिच्या शिकलेल्या लेकाने तेच शेण इंग्रजी नावाने, बंद डब्यातून आणून भिंतींना फासलं.

चौथ्या दिवशी सकाळी पिशवी पलंगावर दिसली. मी घाईने आत गेलो. आई आतली लुगडी बाहेर काढत होती.

"रंगारी कवा येणार?" तिने विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? ह्या भिंती पांढऱ्या झाल्याबिगर मी हालत न्हाई. तुझा काय भरवसा? मी गेल्यावर छताला बी फासशील."

मी बाल्कनीत जाऊन रंगाऱ्याला फोन लावला. "महिनाभर येऊ नका," मी म्हणालो.

"सर, मी कुठं येत हुतो?" तो म्हणाला.

मग रोज सकाळी आई मान मागे टाकायची, मी बाटली उघडायचो आणि ती विचारायची, "आला का?"

"उद्या येतो म्हणालाय."

"लबाड हाय मेला." बिचाऱ्या रंगाऱ्याचं नाव मी खराब करत होतो. एकदा तर ती म्हणाली, "मला फोन लावून दे, मीच बोलते." मी रेंज नाही म्हणालो. घरात. मलकापुरात.

बाविसाव्या दिवशी ती तशीच मान मागे टाकून बसली होती. मी थेंब घालणार, एवढ्यात म्हणाली, "बाल्कनीत बोलताना दार लावून घेत जा. आपरेशन डोळ्याचं झालंय. कानाचं न्हवं."

थेंब तिच्या गालावर पडला.

"नीट घाल," आई म्हणाली. "आठ दिस हायत अजून."